अक्रोडाचा खिमा, बदामाचं बटर वगैरे: सुकामेव्यावर जेवण निभतं का?

उलथणं
नमस्कार मंडळी. चार महिन्यांपासून घरात मांस बंद आहे. तत्त्व वगैरे काही नाही, लेकीनं सोडलं आणि एका घरात दोन स्वयंपाक मी करणार नाही म्हणून सगळ्यांचंच सुटलं. नवरा अधूनमधून सुस्कारे सोडतो, त्याची सवय झालीये. पण कडधान्यं आणि टोफू आलटून पालटून किती करणार? म्हणून मी सुकामेव्याकडे वळले आणि तीनदा तोंडावर आपटले.
एक, अक्रोडाचा खिमा. मिक्सरमधून काढला तर करड्या रंगाचा लगदा, चवीला तुरट. दोन, नट लोफ, म्हणजे भरड नटचा पावासारखा साच्यात भाजलेला गोळा. ओव्हनमधून काय देखणा निघाला! सुरी लावली आणि ताटात भुगा. शेवटी चमच्यानं खाल्ला. तीन, बदामाचं बटर. पाच मिनिटं फिरवलं, बदामाची पूड झाली, आणखी फिरवलं तर मिक्सरला जळका वास यायला लागला, घाबरून बंद केला. ती पूड अजून डब्यात आहे.
नवऱ्याचं म्हणणं, सुकामेवा हा वरून भुरभुरायचा पदार्थ आहे, त्याचं जेवण होत नाही. तो चूक आहे हे मला सिद्ध करायचंय. मदत करा.

टरफल
नवऱ्याला चूक ठरवण्यासाठी काढलेला धागा. जागा पकडून बसतो.

शनिवारचा_आचारी
बटरपासून सुरू करू कारण ते सगळ्यात सोपं आहे आणि तुम्ही अगदी दारात जाऊन परत फिरलात. पूड झाली ना, ती पहिली पायरी. त्यानंतर पूड भांड्याच्या कडांना चिकटते, पातं नुसतंच हवेत फिरतं, इथेच सगळे हार मानतात. बंद करायचं, कडा खरवडून खाली आणायचं, पुन्हा. मग त्याचा ओलसर गोळा होतो आणि तो भांड्यात धडाधड आपटत फिरायला लागतो, आवाजच बदलतो. मग गोळा फुटतो, चमक येते, आणि एकदम बघता बघता सगळं सैल पडून सरसरीत होतं. तो क्षण बघायला मी अजूनही झाकणाला नाक लावून उभा असतो.
मिक्सरचं म्हणाल तर एक मिनिट चालवा, दोन मिनिटं थांबा. सलग पाच मिनिटं घरगुती मोटर नाही झेपत. बदामाला विश्रांती धरून पंधरा-वीस मिनिटं लागतात. आणि भाजलेत का आधी? १६० अंशावर दहा-बारा मिनिटं भाजायचे आणि कोमट असतानाच फिरवायचे. गार कच्च्या बदामाचं बटर करणं म्हणजे मोटरीशी वैर.

उलथणं
भाजले नव्हते!! भिजवले होते. सोलायला सोपे जावेत म्हणून रात्रभर.

शनिवारचा_आचारी
अहो ताई मग ते जन्मात झालं नसतं. बटरला पाणी वर्ज्य. सोलायचेच असतील तर उकळत्या पाण्यात एक मिनिट टाका, निथळा, चिमटीत दाबले की साल सुटून बदाम उडतो (डोळे सांभाळा), आणि मग ओव्हनमध्ये पार कोरडे करून भाजा. मी सालासकटच करतो, बदामाच्या सालाचा त्रास होत नाही.

अर्धी_वाटी
पाण्यावरून आठवलं. माझं काजू-बदामाचं बटर मस्त सैल झालं होतं, वाटलं आता गोडवा हवा, दोन चमचे मध घातला. एका फेरीत दगड. पातं अडकलं, भांडं उलटं केलं तरी पडेना. मधाचा काय संबंध??

सूक्ष्मदर्शी
संबंध आहे. मधात साधारण १७-१८ टक्के पाणी असतं. नट बटर म्हणजे तेलात तरंगणारे बारीक कण. थोडंसं पाणी शिरलं की कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि घट्ट गोळा होतो. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब पडला की होतं तेच. गंमत म्हणजे उपाय पाणीच आहे. थोडं थोडं घालत फेटत राहा, एका टप्प्यानंतर उलट होतं, पाण्यात तेलाचे थेंब बसतात आणि फिकट, मऊ क्रीम तयार होतं. फक्त मग ते बटर उरत नाही, सॉस होतो. फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा. कोरडं बटर महिनाभर टिकतं कारण त्यात जंतूंना प्यायला पाणीच नसतं.
जाता जाता एक दुरुस्ती, वनस्पतीशास्त्राप्रमाणे बदाम, काजू, अक्रोड, पिस्ता यातलं काहीच खरं नट नाही. फळाच्या आतल्या बिया आहेत. हेझलनट आणि चेस्टनट तेवढे खरे नट.

टरफल
आणि शेंगदाणा?

सूक्ष्मदर्शी
शेंगदाणा कडधान्यांच्या घरातला. जमिनीखाली येतो. या धाग्यात त्याला प्रवेश नाही.

टरफल
शेंगदाणा दाराबाहेर उभा राहून ऐकतोय, असू दे.

खमंग_काका
मी जरा उलटं बोलणार आहे. ताई, तुमचे यजमान अगदीच चूक नाहीत. सुकामेवा म्हणजे मांस नव्हे, तो मुळात स्निग्ध पदार्थ आहे. आकडे बघा. शंभर ग्रॅममध्ये तेल: मॅकाडेमिया ७५ च्या आसपास, पेकान ७२, अक्रोड ६५, हेझलनट ६०, बदाम ५०, काजू ४४. प्रथिनं बदामात २१, पिस्त्यात २०, काजूत १८, अक्रोडात १५, पेकानमध्ये जेमतेम ९. म्हणजे अक्रोडाचा खिमा करता तेव्हा तुम्ही दोन तृतीयांश तेलाचा खिमा करता! तो लगदाच होणार. लोफ का पडतो? तेलाला तेल चिकटत नाही म्हणून पडतो. मी घरी एक नियम ठेवलाय, ताटात अंग कडधान्याचं किंवा मशरूमचं, आणि सुकामेव्यानं त्यात खमंगपणा आणि दाताला काहीतरी लागणं आणायचं. एक भाग नट, दोन भाग बाकीचं. मग सगळं जमतं.
शिवाय नटच्या प्रथिनात लायसिन नावाचं गरजेचं अमिनो आम्ल कमी असतं, कडधान्यात भरपूर. एकमेकांचं उणं भरून निघतं.

दाढेखाली
काका +१. फक्त "अंग कडधान्याचं" म्हणालात तर ताई धागा बंद करून निघून जातील, त्यालाच कंटाळल्यात त्या.

उलथणं
नाही नाही, मसूर लपून येणार असेल तर चालेल. समोरून नको.

कुंडीतलं_रोप
खिम्याबद्दल. मी दर आठवड्याला करते त्यामुळे हक्कानं सांगते. अक्रोड गरम पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं, पाणी चहासारखं तांबडं होतं, ते ओतून द्या. तुरटपणा सालात असतो, बराचसा त्या पाण्यात जातो. मग फडक्यात टिपून कोरडे करा. इथे खरी चूक होते ती मिक्सर चालू ठेवण्याची. चालू-बंद चालू-बंद, आठ-दहा झटके, बस. तांदळापेक्षा मोठे, वाटाण्यापेक्षा लहान दाणे राहिले पाहिजेत. तेवढंच मशरूम वेगळं बारीक करायचं, एकत्र नाही, मशरूम लवकर बारीक होतं आणि पाणी सोडतं आणि अक्रोडाला घेऊन बुडतं.
कढईत आधी मशरूम एकटं, मोठ्या आचेवर, तेल नाही मीठ नाही, पाणी सुटेल, आटेल, मग बुडाला चिकटायला लागेल, तेव्हा तेल, कांदा, लसूण, टोमॅटोची पेस्ट, सोया सॉस, धुरकट मिरचीपूड. अक्रोड सगळ्यात शेवटी, पाच मिनिटंच. आधी घातले तर मऊ पडतात.

मीच_तो
करून बघितलं. बरं झालं. पण मांस खाणारा माणूस म्हणून सांगतो, हा खिमा नाही. चांगला आहे, दोनदा घेतला, पण खिमा नाही.

कुंडीतलं_रोप
दोनदा घेतला ना. मग नाव काय ठेवायचं ते तू ठेव.

चिमूटभर
मला कोणी सांगेल का की नट भिजवायचे की नाही? सगळीकडे वाचते की भिजवल्याशिवाय पचतच नाहीत, "जागे" करावे लागतात.

निवांत
जागे करायला ते झोपलेत कुठे. मी तर थेट बरणीतून तोंडात टाकतो, वीस वर्षं.

सूक्ष्मदर्शी
भिजवणं हे पोतासाठी. वाटून क्रीम, दूध किंवा मऊ चीज करायचं असेल तर भिजवा. भाजायचं, बटर करायचं, कुरकुरीत हवं असेल तर नका भिजवू. पचनाच्या जादूचे दावे आहेत त्या मानानं पुरावा फारच तोकडा आहे. चावून खाल्लं की पुष्कळ काम होतं.
चावण्यावरून एक भारी गोष्ट. अमेरिकेच्या शेती खात्यातल्या संशोधकांनी माणसांना बदाम खायला घालून प्रत्यक्षात अंगाला किती कॅलरी लागतात ते मोजलं (२०१२ आणि मग २०१६). अख्ख्या कच्च्या बदामातून ग्रॅमला साधारण ४.४, भाजलेल्या अख्ख्या बदामातून ४.९ च्या आत, आणि बटरमधून ६.५. बदाम तोच. अख्खा खाल्ला तर बरंच तेल पेशींच्या भिंतींत अडकून तसंच बाहेर पडतं, मिक्सर त्या भिंती आधीच फोडून देतो.

दाढेखाली
म्हणजे मी गेलं वर्षभर डाएट म्हणून चमच्यानं बदाम बटर खातोय ते...

टरफल
मिक्सरनं तुझं चावण्याचं काम केलं, त्याची मजुरी तुझ्या पोटावर.

शनिवारचा_आचारी
काजूकडे कोणी वळतच नाहीये, तो तर खरा कामाचा. काजूत पिष्ट बरंच असतं, बाकी नटमध्ये तेवढं नाही. म्हणून काजूची क्रीम तापवली की दाट होते, बदामाची होत नाही. एक वाटी काजू चार तास भिजवा, घाई असेल तर पंधरा मिनिटं उकळा, निथळून पाऊण वाटी ताज्या पाण्याबरोबर वाटा. बोटांत चोळून बघा, रवाळ लागलं तर अजून वाटा. सूपमध्ये, पास्त्यात, भाज्यांच्या रश्शात दुधाच्या सायीच्या जागी घाला. फक्त घालताना तुम्हाला वाटते त्यापेक्षा पातळ ठेवा. मी पहिल्यांदा छान दाट क्रीम सूपमध्ये घातली, उकळी आल्यावर सुपात चमचा उभा राहिला. लापशी म्हणून खाल्लं.
पावावर लावायला हवं असेल तर त्याच क्रीममध्ये पाणी निम्मं करा, लिंबू, मीठ, भाजलेला लसूण. झालं स्प्रेड.

अर्धी_वाटी
काजूचं चीज करतं का कोणी? आंबवून? मी दोन दिवस ओट्यावर झाकून ठेवणार आहे, उन्हाळा आहे लवकर आंबेल.

सूक्ष्मदर्शी
थांबा! ओट्यावर नुसतं झाकून नका ठेवू. काजू, पाणी आणि ऊब म्हणजे आयती मेजवानी, कोणते जंतू येऊन बसतील ते तुम्ही ठरवत नाही. २०२१ साली अमेरिकेत काजूच्या चीजमधून साल्मोनेलाची (पोट बिघडवणारे जंतू) साथ झाली होती, ते तर विकत मिळणारं चीज होतं. आंबवायचंच असेल तर काजू आधी उकळून घ्या, भांडी उकळत्या पाण्यातून काढा, प्रोबायोटिक कॅप्सूल किंवा आधीच्या वनस्पतीजन्य दह्याचा चमचा विरजण म्हणून घाला म्हणजे चांगले जंतू आधी जागा पकडतात. वास, रंग विचित्र वाटला की चाखून बघू नका, टाका. खरं तर लिंबाच्या आंबटपणावर बरीचशी चव येते, जोखीम खूप कमी.

अर्धी_वाटी
लिंबू ठीक आहे. लिंबू उत्तम आहे.

चिमूटभर
काजू "कच्चे" म्हणून मिळतात ते कच्चे नसतात असं कुठेतरी वाचलं, खरं का?

सूक्ष्मदर्शी
खरं. काजूच्या टरफलात अंगावर फोड आणणारं तेल असतं, त्यामुळे टरफल फोडण्याआधी वाफवतात किंवा भाजतात. नंतर तळले-भाजले नाहीत एवढ्याच अर्थानं कच्चे.

खमंग_काका
कोणी खवटपणाबद्दल बोललं नाही अजून. माझ्या अनुभवात "मला अक्रोड आवडत नाहीत" म्हणणाऱ्या दहातल्या आठांनी ताजे अक्रोड खाल्लेलेच नसतात. अक्रोडाच्या तेलात ओमेगा-३ जास्त, शंभर ग्रॅमला ९ ग्रॅमच्या आसपास, म्हणूनच त्याचं कौतुक आणि म्हणूनच ते लवकर खवट होतं. हवा, ऊन, ऊब तिन्ही वैरी. ओट्यावरची काचेची बरणी दिसायला सुंदर, आतले अक्रोड दोन-तीन महिन्यांत जुन्या तेलाच्या डब्यासारखे. घट्ट डब्यात फ्रीजमध्ये सहा महिने, फ्रीझरमध्ये वर्षभर. आणलेल्या दिवशी एक चावून बघा. ताई, तुमचा तो खिमा तुरट होता की खवट? दोन्हींत फरक आहे. तुरट जिभेला ओढतो, खवट घशात मागे राहतो.

उलथणं
काका, आत्ता उठून चावून बघितला. मागे राहतोय. :( अख्खा डबा ओट्यावर होता, दिवाणखान्यातून दिसतो म्हणून ठेवलेला.

टरफल
दिवाणखान्यातून दिसतो म्हणून ठेवलेल्या सगळ्याच गोष्टी अशा खवट होतात. (मी कोणाबद्दल बोलत नाहीये.)

निवांत
अवांतर: मागच्या वर्षी पाइन नट (चिलगोज्यासारखे) टाकून बेसिल पेस्टो केला, तुळशीसारख्या पानांची इटालियन चटणी. दोन दिवसांनी सकाळी पाणी प्यायलो तर कडू. चहा कडू. पाव कडू, तोंडात नाणं धरल्यासारखं. आठवडाभर सगळं कडू. मला वाटलं मेंदूचं काहीतरी झालंय, सगळ्या तपासण्या केल्या.

कुंडीतलं_रोप
अरे याला नाव आहे, "पाइन माउथ" म्हणतात. काही जातींच्या पाइन नटनी होतं, खाताना काहीच कळत नाही, बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी सुरू होतं आणि काही दिवस, कधी दोन आठवडे राहतं. निरुपद्रवी आहे, आपोआप जातं. पेस्टोला अक्रोड किंवा बदाम वापर, फरक कळत नाही.

निवांत
एवढे पैसे तपासणीत घालवले. हा धागा मागच्या वर्षी कुठे होता.

चिमूटभर
मी उत्साहात ब्राझील नटचं बटर केलंय, अख्खी बरणी. मलईदार, सुरेख. रोज सकाळी दोन चमचे पावावर. इथे त्याचा उल्लेखच नाही कोणाचा.

सूक्ष्मदर्शी
ताई, उल्लेख नाही कारण असं करत नाहीत. ब्राझील नटमध्ये सेलेनियम हे खनिज प्रचंड असतं. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं ५५ मायक्रोग्रॅम, अमेरिकेतली वरची मर्यादा ४००, आणि २८ ग्रॅम ब्राझील नटमध्ये, म्हणजे सहा ते आठ दाण्यांत, साडेपाचशेच्या घरात भरतं. कुठल्या मातीत वाढलेत त्यावर कमी-जास्त होतं. दिवसाला एखाददुसरा दाणा ठीक. दोन भरलेले चमचे रोज, महिनोन्महिने, असं नको. केस गळणं, नखं ठिसूळ होणं ही जास्त झाल्याची लक्षणं.

चिमूटभर
नऊ दिवस झालेत. केस तपासले, आहेत. आता बरणीचं काय करू?

शनिवारचा_आचारी
लहान डब्यांत घालून फ्रीझरमध्ये, आणि पाव चमचा अधूनमधून दुसऱ्या बटरमध्ये मिसळून. पाव चमचा म्हणजे चहाचा, पळीचा नव्हे.

रात्रपाळी
एक गंभीर गोष्ट, मग चालू द्या. माझ्या मुलाला काजूची अ‍ॅलर्जी आहे आणि त्यामुळे पिस्ताही बंद, दोघं एकाच कुळातले. अक्रोड आणि पेकानचं तसंच जोडीचं आहे. त्रास असा की अशा सगळ्या स्वयंपाकात नट दिसतच नाही. पांढरं सूप, त्यात साय असेल असं सगळ्यांना वाटतं, आणि असतो काजू. मुलगा मित्राकडे जेवायला गेला होता, त्या माऊलीनं कौतुकानं "दूध नाही हं यात" एवढंच सांगितलं. दोन चमचे गेले आणि ओठ सुजले. इंजेक्शन जवळ होतं म्हणून निभावलं. पाहुण्यांना वाढताना काय आहे ते आधी सांगा, विचारायची वाट बघू नका. आणि ज्या मिक्सरमध्ये काजू वाटला त्याची रबरी कडा उघडून धुवा, तिथे राहतं.

कुंडीतलं_रोप
बापरे. मी तर "ओळखा पाहू यात काय आहे" खेळते पाहुण्यांशी. आजपासून बंद.

खमंग_काका
हे धाग्याच्या पहिल्या पानावर हवं.

मीच_तो
थोडा इतिहास, कारण हे सगळं नवीन फॅड आहे असं काहींना वाटतंय. मध्ययुगात युरोपात उपासाच्या दिवसांत मांस तर नाहीच, दूध-लोणीही चालत नसे, तेव्हा ज्यांना परवडे ते बदामाचं दूध काढून त्यात सगळं शिजवत. आणि केलॉग, हो तेच कॉर्नफ्लेक्सवाले डॉक्टर जॉन हार्वे, मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला त्यांचं आरोग्यधाम होतं, तिथे मांस वर्ज्य. त्यांनी १८९५ मध्ये नट वाटून पेस्ट करण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला, १८९८ मध्ये मिळालं. नटोज नावाचा मांसासारखा कापता येणारा पदार्थही काढला होता. सांगायला वाईट वाटतं पण तो मुख्यतः शेंगदाण्याचा होता.

टरफल
दाराबाहेरून टाळ्यांचा आवाज येतोय.

दाढेखाली
हेझलनटची साल काढायचा कोणाकडे सोपा उपाय आहे का? भाजून फडक्यात चोळतो, निम्मी निघते, निम्मी माझ्याशी भांडते.

शनिवारचा_आचारी
निम्मी राहू दे की. नाहीच चालत तर दोन वाट्या उकळत्या पाण्यात तीन चमचे खायचा सोडा, त्यात हेझलनट तीन मिनिटं. पाणी काळं होतं आणि भसकन वर येतं, म्हणून मोठं भांडं. गार पाण्यात काढून चोळलं की साल सरकते. मग चांगले धुवा नाहीतर साबणाची चव, आणि नीट कोरडे करून भाजा. एकदा केलं, त्यानंतर मी निम्म्या सालावर समाधानी आहे.

उलथणं
मंडळी, तुम्ही सगळे फार गोड आहात पण माझा लोफ?? तीन पानं झाली आणि लोफ अजून ताटात भुगा आहे.

खमंग_काका
चुकलंच. काय काय घातलं होतं सांगा.

उलथणं
तीन वाट्या मिश्र नट भरड, एक कांदा, गाजर किसून, थोडा पावाचा चुरा, मसाले. १८० वर अर्धा तास. गरमागरम कापला कारण सगळे ताट घेऊन बसले होते.

खमंग_काका
बांधणारं काहीच नाही! चुरा चिकटवत नाही, तो ओल शोषतो. अंडं घरात चालतं का? चालत असेल तर दोन. नसेल तर दोन मोठे चमचे जवसाची पूड सहा चमचे पाण्यात पंधरा मिनिटं, बुळबुळीत झालं पाहिजे. नट २०० ग्रॅम, जास्त नको. शिजवलेला मसूर दीड वाटी, त्यातला निम्मा चक्क चेचून लगदा, तोच सिमेंट. कांदा आणि मशरूम पार कोरडं होईपर्यंत परतलेलं, गाजर किसून पिळून. पावाचा चुरा एक वाटी. मिश्रण मुठीत दाबा, मूठ उघडली की आकार राहिला पाहिजे. भांड्यात कागद घालून चमच्याच्या पाठीनं दाबून दाबून भरा, कोपऱ्यात पोकळी नको. पहिली तीस मिनिटं झाकून, पंधरा उघडं.
आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, बाहेर काढल्यावर वीस मिनिटं हात लावायचा नाही. ताट घेऊन बसलेल्यांना बसू द्या. खरं तर आदल्या दिवशी करून, गार करून, कापून, मग त्या कापा तव्यावर दोन्ही बाजूंनी परता. ती कड कुरकुरीत होते ना, तिथे मी मांस विसरलो.

दाढेखाली
२०० ग्रॅमच्या आठ कापा म्हणजे माणशी पंचवीस ग्रॅम नट. बदाम बटरवाल्यांनाही परवडेल.

कुंडीतलं_रोप
मसाल्यात जरा हात सैल ठेवा. नट आणि मसूर दोघं मीठ गिळून बसतात, कच्चं मिश्रण चाखून किंचित खारट वाटलं पाहिजे. (अंडं घातलं असेल तर चाखू नका, छोटी टिक्की भाजून बघा.) आणि आंबट काहीतरी शेजारी हवंच, नाहीतर तिसऱ्या घासाला जड होतं.

उलथणं
रविवारचा वृत्तांत. खवट अक्रोड टाकले (रडत), नवे आणले, फ्रीजमध्ये गेले. लोफ काकांच्या मापानं, जवस घालून, शनिवारी रात्रीच केला. कापताना श्वास धरला होता. पहिली काप कोपऱ्याला थोडी तुटली, बाकी सात सरळ. तव्यावर परतल्या, वर शनिवारच्या आचाऱ्यांची काजूची क्रीम लिंबू घालून. लेकीनं विचारलं मसूर आहे का यात, मी ऐकलं नाही असं दाखवलं.
नवरा जेवताना काही बोलला नाही. रात्री अकराला पाणी प्यायला उठले तर फ्रीजचा दिवा चालू, हा उभ्यानं उरलेली काप गारच खातोय, हातावर धरून. मी म्हटलं भुरभुरायचा पदार्थ ना? तर म्हणे भूक लागली होती.
बदामाचं बटरही झालं. तो धडाधड आवाज आला तेव्हा मी लेकीला हाक मारून बोलावलं.

शनिवारचा_आचारी
आवाज! सांगितलं होतं की नाही.

मीच_तो
उभ्यानं, गार, रात्री अकरा. यापेक्षा मोठी पावती नाही. माघार घेतो, लोफ करतो.

उलथणं
आता पुढचं. उत्साहाच्या भरात चेस्टनटची एक पिशवी आणून ठेवलीये. त्याचंही बटर करू का?

सूक्ष्मदर्शी
होणार नाही. चेस्टनटमध्ये तेल नावालाच, दोन टक्क्यांच्या आसपास, बाकी पिष्ट आणि पाणी. तो नट असून बटाट्यासारखा वागतो. भाजून किंवा उकडून, गरम असतानाच सोलून, मशरूमबरोबर परता किंवा सूप करा. बटरऐवजी प्युरे, म्हणजे मऊ लगदा होईल, थोडं काजूचं क्रीम घालून पावावर लावता येईल.

निवांत
आणि भाजण्याआधी प्रत्येकाला सुरीनं चीर पाडा. मी विसरलो होतो. माझ्या ओव्हनच्या छताला त्यातला एक अजून चिकटलेला आहे.